जर्मन ट्रॉलर नौदलात गेला, आता त्याचा माग कसा काढायचा?

वास्को_जेटी: जुन्या जर्मन स्टीम ट्रॉलरचा, म्हणजे जाळं ओढत मासे पकडणाऱ्या वाफेच्या बोटीचा, फोटो आहे. नाळेवर (पुढच्या टोकावर) तोफ, बाजूला 'व्ही १६०५', मूळ नाव कुठेच नाही. बोट कुठली हे कसं शोधायचं? नौदलाने तिच्यात काय बदललं असेल? मुरगावात १९४३ साली बुडालेली एहरेनफेल्स याच जातीची का?

जुनी_नोंद: एहरेनफेल्स वेगळी. ती साडेसात हजार टनांवरची मालवाहू, युद्ध पेटल्यावर पोर्तुगीजांच्या तटस्थ बंदरात आसऱ्याला आलेली. ९ मार्च १९४३ च्या ब्रिटिश छाप्यात तिच्याच खलाशांनी ती बुडवली.

तुमच्या बोटीवरचा 'व्ही' म्हणजे 'फोरपोस्टनबोट' (Vorpostenboot), गस्तीची बोट. शेवटचे दोन आकडे बोटीचे, त्याआधीचे ताफ्याचे. म्हणजे १६ व्या ताफ्यातली पाचवी. सुरुंग काढणाऱ्या बोटीला 'एम', पाणबुडीमागे लागणाऱ्या बोटीला 'यूजे'. पण नंबरावर विसंबू नका. ताफा बदलला की नंबर बदलतो, आणि एका बोटीचा नंबर पुढे दुसरीलाही मिळतो. आधी फोटोची तारीख ठरवा. मग शिपयार्डचं नाव आणि बांधणी क्रमांक मिळवा. मालक, नाव, नंबर सगळं बदललं तरी तो बदलत नाही. १९३४ पासून जर्मन बोटींची संकेताक्षरं (रेडिओवरची ओळखीची अक्षरं) 'डी'ने सुरू होतात, त्याआधीची वेगळी. जहाजांच्या जुन्या रजिस्टरात दुसरी अक्षरं दिसली म्हणून बोट दुसरी समजू नका. ताफ्यांच्या युद्धडायऱ्या जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या लष्करी अभिलेखागारात आहेत.

विंचवाला: आपल्या गोव्यातल्या मालीमच्या ट्रॉलरवर जाळं मागून ओढतात, त्या बोटी बाजूने ओढायच्या. विंच (दोर ओढून गुंडाळणारं यंत्र) केबिनच्या पुढे, मासळीचा खण त्याच्याही पुढे, बॉयलर आणि इंजिन मागे. सुरुंग काढायची वायर ओढायला तोच विंच चालतो, नौदलाला ट्रॉलर हवे असायचे ते यासाठीही. खणात खलाशांची झोपायची सोय आणि दारूगोळा, नाळेवर ओटा बांधून तोफ, मागे पाणबुडीविरोधी बॉम्ब. खरी अडचण वजनाची: खाली मासळी नि बर्फ नाही, वर तोफ आणि लोखंड. तळात भार भरला नाही तर अशी बोट एका कुशीवर कलते आणि सरळ व्हायला वेळ लावते. फोटोत पाण्याची रेघ कुठे आहे ते नीट बघा.

जुनी_नोंद: आणखी एक. रजिस्टरातला 'टन' वजनाचा नाही, जागेचा आहे: १ टन म्हणजे १०० घनफूट. तिथली 'नॉमिनल' अश्वशक्तीही सिलिंडरच्या मापावरून काढलेली. इंजिनाची खरी ताकद कित्येक पट जास्त असते.

विंचवाला: सगळ्याच ट्रॉलरना नंबर लागला असंही नाही. 'म्युन्शेन' मूळ नावानेच हवामान नोंदवायला आइसलँडच्या ईशान्येकडच्या समुद्रात होती. ७ मे १९४१ ला ब्रिटिशांनी ती पकडली. खलाशांनी एनिग्मा हे गुप्त संदेशांचं यंत्र समुद्रात फेकलं, पण जून महिन्यात ते यंत्र कसं लावायचं याची गुप्त कागदपत्रं तिजोरीत राहून गेल्या आणि ब्रिटिशांच्या हाती लागल्या. नंबरावरून काही हाती लागलं नाही तर हवामान बोटींच्या यादीतही बघा.