कवळी बसवलेल्या आईसाठी काबुली चणे मऊ कसे शिजवू?

ओलीसुकी

आमच्या जेवणात आठवड्यातले चार दिवस तरी कडधान्य असतं. मी सकाळी सातला घराबाहेर पडते. त्यामुळे रात्री भिजत घालायचं, पहाटे कुकर लावायचा आणि संध्याकाळी आल्यावर कांद्यावर परतायचं, हा क्रम कित्येक वर्षांचा आहे. हल्ली टोमॅटोही चिरून चण्यांबरोबर कुकरमध्येच टाकते, संध्याकाळचा तेवढाच वेळ वाचतो.

गेल्या महिन्यात आईला कवळी बसवली. मसूर, मूग ती नीट खाते. काबुली चणे मात्र एकेक करून ताटाच्या कडेला सारते आणि नुसता रस्सा भातावर घेते. विचारलं तर "पोट भरलं" म्हणते. चणे तिच्या फार आवडीचे आहेत, मला लहानपणापासून ठाऊक आहे. ते कडेचे दाणे बघवत नाहीत.

दहा तास भिजवून पाहिले. पाचच्या आठ शिट्ट्या केल्या. दाणा बोटात दाबला तर साल चिवट आणि आत मधोमध अजून कडक. एकदा खायचा सोडा घातला, अर्धा चमचा असेल, तर रश्शाला साबणासारखी चव आली आणि सगळं ओतून द्यावं लागलं. सहा महिन्यांपूर्वी घर बदललं. जुन्या घरी याच कुकरमध्ये पाच शिट्ट्यांत चणे शिजायचे. कुकरची रिंगही नवीन घालून झाली. आईला रोज वरण-भातच द्यायचा, हे मला मान्य नाही. काय चुकतंय?

रात्रपाळी

आधी तो टोमॅटो कुकरमधून काढा. दाण्याच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन आंबट पाण्यात लवकर सुटत नाही. चिंच, लिंबू, टोमॅटो, काहीही आंबट असो, दाणा पूर्ण मऊ झाल्यावरच घालायचं. मी दीड वर्ष हीच चूक करत होतो आणि दोष चण्यांना देत होतो.

वेळ वाचवायचा असेल तर दुसरा मार्ग आहे. मी सुट्टीच्या दिवशी कडधान्य एकदम उकडतो, गार झालं की जेवणापुरते डबे भरून फ्रीझरमध्ये टाकतो. कामावरून आल्यावर फक्त परतायचं राहतं. फ्रीजमध्ये खाली ठेवलेलं मात्र तीन-चार दिवसांत संपवा.

पितळी_पातेलं

टोमॅटोचं बरोबर आहे, पण घर बदलल्यावर बिघडलं म्हणता, तर मला पाण्याचा संशय येतो. चहाच्या भांड्याच्या तळाला पांढरा थर धरतो का? धरत असेल तर पाणी जड आहे. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्याच पेक्टिनला आणखी घट्ट बांधतं, मग शिट्ट्या कितीही करा, साल चिवट राहते.

मिठाबद्दल एक सांगते, कारण आमच्या घरी उलटंच सांगितलं जायचं. भिजवताना पाण्यात मीठ घातलं की सालीतल्या कॅल्शियमच्या जागी सोडियम जातं आणि साल मऊ होते. एक लिटरला साधारण दोन लहान चमचे. सकाळी ते पाणी फेकून चणे धुवायचे आणि ताज्या पाण्यात शिजवायचे. सोडा वापरायचाच असेल तर वाटीभर चण्यांना भिजवतानाच चिमूटभर, आणि तेही पाणी फेकायचं. सोड्याने बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं, म्हणून मी तो अगदी नाइलाज झाला तरच घालते.

ओलीसुकी

पांढरा थर तर इतका जाड आहे की नखाने निघतो! इथे बोअरचं पाणी आहे. प्यायला आरओचं वापरतो, स्वयंपाकाला नळाचं. हा विचार डोक्यातच आला नव्हता. आईला रक्तदाबामुळे मीठ कमी सांगितलंय, मग मिठात भिजवलेले चालतील का?

पितळी_पातेलं

धुतले तरी थोडं मीठ दाण्यात राहतंच. मग मिठाच्या वाटेला जाऊ नका, आरओच्या पाण्यातच भिजवा आणि त्यातच शिजवा. साध्या कोळशाच्या फिल्टरने जडपणा जात नाही, हे लक्षात असू द्या. आरओचं पाणी पुरत नसेल तर नळाचं पाच-दहा मिनिटं उकळा, गार होऊन पांढरं खाली बसू द्या आणि वरचं अलगद ओतून घ्या. थोडा जडपणा उरतो, पण बराच कमी होतो.

तिसरी_शिट्टी

शिट्ट्या मोजू नका, मिनिटं मोजा. गॅस मोठा असेल तर आठ शिट्ट्या भराभर होतात आणि दाण्याला वेळच मिळत नाही. कुकरमध्ये पूर्ण दाब आला की आत १२० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान असतं, उघड्या भांड्यात ते १०० च्या पुढे जात नाही. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून भिजलेल्या चण्यांना वीस मिनिटं द्या. मग दाब आपोआप उतरू द्या, त्या वेळातही ते शिजत असतात. कुकर अर्ध्याच्या वर भरू नका, फेस झडपेत अडकतो.

राजमाही करत असाल तर एक सांगतो. कच्च्या राजम्यात विषारी द्रव्य असतं, ते मंद आचेच्या विजेच्या भांड्यात पुरतं जात नाही. भिजवलेलं पाणी फेकायचं आणि निदान दहा मिनिटं खळखळून उकळायचा, नाहीतर कुकर.

ओलीसुकी

आज करून पाहिलं, म्हणून पुन्हा लिहिते. एकाच पाकिटातले चणे तीन वाट्यांत भिजवले: एक नळाच्या पाण्यात, एक उकळून निथळलेल्या, एक आरओच्या. सकाळी धुऊन ज्याच्या त्याच्या पाण्यातच कुकरच्या तीन डब्यांत लावले. डब्यांत आहेत म्हणून बारीक गॅसवर तीस मिनिटं दिली. टोमॅटो नाही, मीठ नाही.

आरओचे जिभेने टाळूवर दाबले तरी फुटले. उकळलेल्या पाण्यातले जवळजवळ तसेच, साल किंचित जाणवते. नळाचे पूर्वीसारखेच चिवट. चणे तेच, कुकर तोच, आच तीच. तिन्ही वाट्या ओट्यावर शेजारी ठेवून मी बराच वेळ दाबून बघत होते.

कांदा आणि टोमॅटो वेगळे शिजवून घेतले आणि चणे शेवटी घातले. आईला काही सांगितलं नाही. तिने पहिला दाणा बराच वेळ तोंडात घोळवला, मग दुसरा घेतला. ताटाच्या कडेला एकही नव्हता. जेवण झाल्यावर म्हणाली, "रात्रीला उरलेत ना थोडे?"

रात्रपाळी, उरलेले नळाच्या पाण्यातले चणे वाटून त्याची भजी करता येतील का? टाकवत नाहीत. आणि रविवारसाठी राजमा आणलाय, त्यासाठी दोन लिटर पाणी शनिवारी रात्रीच बाजूला काढून ठेवते.

रात्रपाळी

वाटायच्या आधी आरओच्या पाण्यात कुकरला आणखी पंधरा मिनिटं देऊन बघा. थोडे तरी नरम येतील. मग वाटून त्यात उकडलेला बटाटा मिसळा आणि तव्यावर चपट्या टिक्क्या परता. भज्यांपेक्षा आईंना त्या चावायला सोप्या जातील.