मदत हवी आहे: सोळा वर्षांच्या कॉर्नरबॅकचं कच्चं काय, पक्कं काय, हे कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

आम्ही डॅलसजवळ राहतो. मुलगा अकरावीत आहे आणि शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात उजवीकडचा कॉर्नरबॅक खेळतो. एनएफएलच्या, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगच्या, धाग्यावर इथली बरीच जाणकार मंडळी दिसली, म्हणून विचारतेय.

हा खेळ न पाहणाऱ्यांसाठी थोडक्यात: रिसीव्हर पास झेलायला धावतो आणि कॉर्नरबॅकने त्याला झेलू द्यायचं नसतं. कुठे वळायचं ते रिसीव्हरला आधीच ठाऊक असतं, कॉर्नरबॅकला नसतं, आणि सुरुवातीची पावलं बऱ्याचदा उलटी धावावी लागतात. शाळेत मी कबड्डीत डावा कोपरा सांभाळायचे. चढाईवाल्याच्या हातांकडे बघू नका, कमरेकडे बघा, असं आमचे सर बजावायचे. इथले कोच रिसीव्हरबद्दल अगदी तेच सांगतात, त्यामुळे हा खेळ मला लवकर कळला.

आता मुद्दा. मोसम संपल्यावर कोचने सुचवलं की वसंतातल्या सरावात त्याने सेफ्टी, म्हणजे बचावातली सगळ्यात मागची जागा, खेळून पाहावं. पोरगं फार हिरमुसलंय. कोच चांगले आहेत, मुलांचं भलं बघणारे आहेत. पण नेमकं कुठे कमी पडतोय हे त्यांनी त्याला फोडून सांगितलं नाही, म्हणून मी हडल या साइटवरचे त्याच्या सामन्यांचे सगळे व्हिडिओ पुन्हा पाहायला बसले.

जमेची बाजू आधी सांगते. उंची ५ फूट ११ इंच, वजन १६५ पौंड. प्रेसमध्ये, म्हणजे रिसीव्हरच्या समोर नाकाला नाक लावून उभा असतो तेव्हा, त्याचे पाय उतावीळ होत नाहीत. रिसीव्हर कितीही थिरकला तरी हा आधी उडी मारत नाही आणि एका हाताने त्याला अडखळवतो. स्लँट, हिच असले आखूड पास तर त्याच्यासमोर फारसे पूर्ण होतच नाहीत. कव्हर ३मध्ये, म्हणजे माणसाऐवजी मैदानाचा ठरलेला भाग सांभाळायचा असतो तेव्हा, पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचे खांदे वाचून दोनदा पास पळवला, म्हणजे मध्येच स्वतः झेलला. त्यातली एक क्लिप सगळ्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपवर फिरली, अगदी कोल्हापूरपर्यंत.

त्याच सामन्यातला दुसरा एक प्ले मात्र कुणी फिरवला नाही. थर्ड डाउन, म्हणजे समोरच्या संघाची चारपैकी तिसरी संधी, आणि त्यांना आठ यार्ड हवे होते. हा सात यार्ड मागे उभा. रिसीव्हर साइडलाइनकडे झुकत धावला. याने तिसऱ्या-चौथ्या पावलालाच कंबर साइडलाइनकडे, म्हणजे उजवीकडे, उघडली. रिसीव्हरने तिथून आत, पोस्टला, म्हणजे गोलपोस्टच्या दिशेने तिरका काप घेतला. याला पुन्हा डावीकडे फिरायला इतका वेळ लागला की दोन यार्डांचं अंतर पडलं. मग घाबरून त्याने रिसीव्हरची जर्सी कमरेजवळ धरली, चेंडू हवेत असतानाच. पंचांचा पिवळा रुमाल पडला, म्हणजे फाउल. टेक्सासच्या शाळा कॉलेजचे नियम लावतात, त्यामुळे समोरच्यांना १५ यार्ड आणि फर्स्ट डाउन, म्हणजे नव्याने चार संधी. मी तो प्ले थांबवून थांबवून पाहिला. जर्सीवर हात गेला ती शेवटची चूक होती. पहिली चूक कंबर उघडली तिथेच झाली होती.

याशिवाय फेडवर, म्हणजे साइडलाइनलगतच्या लांब पासवर, मान उशिरा वळते आणि टॅकल करताना, म्हणजे चेंडूवाल्याला पाडताना, हा खाली वाकून घोट्यांवर झेप घेतो, मग धावणारा निसटतो. ४० यार्ड धावण्याची वेळ ४.७ सेकंद आहे, तीही हातातल्या घड्याळावर मोजलेली.

पळवलेल्या पासांवर भुलायचं नाही एवढं आम्हा डॅलसवाल्यांना कळतं. डॅलस काउबॉइजचा तेव्हाचा कॉर्नरबॅक ट्रेव्हॉन डिग्ज याने २०२१मध्ये ११ पास पळवले, आणि त्याच मोसमात त्याच्यासमोर निघालेल्या यार्डांचा आकडाही लीगमधल्या मोठ्या आकड्यांपैकी होता. मग बघायचं तरी काय? यातलं शिकवून सुधारण्यासारखं किती आणि अंगातच नसलेलं किती, हे आईवडिलांना कसं कळावं? त्याला खोटी आशाही लावायची नाही आणि उगाच खच्चीही करायचं नाही.

प्रतिसाद १

ताई, फार नीट पाहिलंय तुम्ही. मी न्यू जर्सीत शाळेच्या संघाला मदत करतो, बचावातली मागची फळी माझ्याकडे असते. जमेल तसं सांगतो.

आधी त्याच्यावर फेकलेला प्रत्येक पास लिहून काढा, झेललेला असो वा नसो. आणि न फेकलेलेही पाहा. हा चिकटून होता म्हणून क्वार्टरबॅकने दुसरीकडे फेकलं, तर ते त्याच्याच खात्यात. एनएफएलमधला कॉर्नरबॅक न्नाम्दी असोमुघा याने २००६मध्ये आठ पास पळवले आणि पुढच्या वर्षी फक्त एक, कारण लोकांनी त्याच्या बाजूला फेकणंच सोडलं होतं. मग प्रत्येक प्लेसमोर लिहा की तो कुठे हरला: सुरुवातीला, धावेत, वळणावर, चेंडू हवेत असताना, की टॅकलला. तुमच्या वर्णनावरून तो वळणावर हरतोय. बाकीचं त्यातून येतंय.

कंबरेचं असं तपासा. रिसीव्हर नको, चेंडू नको. त्याला उलटा धावू द्या आणि हाताने डावी-उजवी खूण करा, त्यावर वळू दे. दोन्हीकडे सफाईने वळला तर शरीर ठीक आहे. सामन्यात डोळे फसताहेत, म्हणजे कंबरेऐवजी तो रिसीव्हरच्या खांद्यांकडे किंवा मागे क्वार्टरबॅककडे बघतोय. ते शिकवता येतं. नेहमी एकाच बाजूला अडकत असेल तर शरीराकडे बघावं लागेल. उजवीकडे उघडून डावीकडे परतायचं तर सगळा भार उजव्या पायावर येतो. त्या पायाला पूर्वी काही झालं होतं का?

फेडचं वेगळं आहे. रिसीव्हरच्या बरोबरीने, कमरेला कमर असेल तरच मान वळवायची. मागे पडला असेल तर चेंडू शोधायचाच नाही, रिसीव्हरचे हात बघायचे आणि ते वर गेले की त्यांच्यामधून हात घालायचा. मागे पडून मान वळवली की वेग जातो आणि अंतर आणखी वाढतं. बऱ्याच मुलांना ‘मान वळव’ एवढंच सांगितलं जातं, कधी ते कुणी सांगत नाही.

वेळेची फार चिंता करू नका. कॉर्नरबॅक जॉश नॉर्मनची कंबाइनमधली, म्हणजे एनएफएलच्या निवडीआधीच्या चाचणीतली, वेळ ४.६६ होती, दुसरा कॉर्नरबॅक रिचर्ड शर्मनही ४.५च्या आत नव्हता. दोघे पाचव्या फेरीत निवडले गेले, दोघेही पुढे ऑल-प्रो, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत, आले. पण हातातलं घड्याळ साधारण ०.२ सेकंद कमी दाखवतं हे मनात धरा, आणि पहिल्या १० यार्डांची वेळ वेगळी घ्या. कॉर्नरबॅकला तीच जास्त उपयोगी.

प्रतिसाद २

सेफ्टी म्हणजे पायरी उतरणं नव्हे, हे मुलाला जरूर सांगा. डेव्हिन मॅककोर्टी एनएफएलच्या पेट्रियट्स संघाकडे २०१०मध्ये कॉर्नरबॅक म्हणून आला, पहिल्याच वर्षी सात पास पळवून ‘प्रो बोल’ या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला. २०१२मध्ये त्याला सेफ्टीला हलवलं आणि तिथे तो दहा वर्षं टिकला, तीन सुपर बोल जिंकला.

पण तुमच्या मुलाच्या बाबतीत मला वेगळी काळजी वाटते. सेफ्टीच्या मागे कुणीच नसतं. कॉर्नरचा टॅकल चुकला तर आठ-दहा यार्ड जातात, सेफ्टीचा चुकला तर टचडाउन. घोट्यांवर झेप घेणाऱ्या मुलाला तिथे ठेवलं तर कंबरेची उणीव झाकेल आणि टॅकलची उघडी पडेल. आधी टॅकल सुधारा, मग जागा कुठलीही असो. डोकं बाजूला, खांदा मांडीवर, दोन्ही हातांनी पाय कवळायचे आणि पावलं थांबवायची नाहीत. रग्बीवाले असंच करतात, डोक्यालाही त्यात धोका कमी.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. कालच पोराला घराजवळच्या मैदानावर नेलं. उजवीकडे सहज वळतो. डावीकडे सरळ वळायचं असलं तर तेही जमतं. पण आधी उजवीकडे वळवून मग डावीकडे खूण केली की एक पाऊल जास्त टाकतो, प्रत्येक वेळी. आणि हो, आठवीत बास्केटबॉल खेळताना उजवा घोटा मुरगळला होता. सूज उतरली तशी आम्ही फिजिओथेरपी सोडून दिली होती. त्याचं नाव निघाल्यावर तो स्वतःच म्हणाला, “आई, त्या पायावर जोर द्यायला मला अजून भीती वाटते.” हे तो आजवर बोलला नव्हता. फिजिओथेरपिस्टची वेळ घेतली आहे.

एक विचारायचं राहिलं. वसंतात सेव्हन-ऑन-सेव्हन, म्हणजे सात-सात जणांचा फक्त पासचा खेळ, सुरू होईल. तेव्हा काही दिवस याला डाव्या बाजूला उभं करा असं कोचना सुचवलं तर? तिथे तोच पोस्ट अडवताना भार डाव्या पायावर येईल. तिथे तो वेळेत परतला तर दोष घोट्याचा, आणि तिथेही फसला तर डोळ्यांचा. बरोबर ना?

प्रतिसाद १

अगदी बरोबर. मात्र सवयीची बाजू बदलली की पहिले काही दिवस कुणीही अडखळतो, ते धरू नका. आणि ही विनंती तुम्ही नको, त्याला स्वतःला करू दे. घोट्याचं सांगून आणि व्हिडिओतले दोन प्ले दाखवून. अकरावीतला मुलगा आपल्या उणिवा इतक्या नेमक्या शब्दांत घेऊन आला तर कुठलाही कोच ऐकून घेईल.