१९६८ च्या पाँटिअ‍ॅक जीटीओसाठी कोणते इनटेक मॅनिफोल्ड योग्य ठरेल?

ट्रॉयवासी (मिशिगन)

नमस्कार मंडळी,

मागच्या वर्षी मी १९६८ ची पाँटिअ‍ॅक जीटीओ घेतली. इंजिन मूळचे ४०० घनइंची आहे, गिअरबॉक्स टर्बो हायड्रामॅटिक ४०० आहे आणि मागच्या अ‍ॅक्सलचे गुणोत्तर ३.२३ आहे. कॅमही (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) कारखान्याच्याच मापाचा असल्याचे मेकॅनिकने मोजून सांगितले. आधीच्या मालकांनी इनटेक मॅनिफोल्ड (कार्बोरेटरमधून आलेली हवा आणि पेट्रोल सिलिंडरांपर्यंत नेणारा भाग) मात्र बदलले होते. त्यांनी बसवलेले सिंगल प्लेन जातीचे अ‍ॅल्युमिनियमचे मॅनिफोल्ड आणि त्यावरचा चौकोनी बैठकीचा मोठा कार्बोरेटर आजही गाडीत आहेत.

सिग्नल सुटल्यावर निघताना गाडी क्षणभर अडखळते, मिनिटाला २,५०० फेऱ्यांपर्यंत इंजिनात जीव नसल्यासारखे वाटते आणि त्यानंतर ती एकदम उसळी घेते. वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ऑगस्टमध्ये सावकाश चालवताना तर याचा फारच त्रास झाला. जेटिंग (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलाच्या छिद्रांची मापे) आणि इग्निशन टायमिंग (ठिणगीची वेळ) दोन वेळा तपासून झाले आहे, त्यामुळे आता मॅनिफोल्डच बदलावे असे मनात आहे.

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिला एडेलब्रॉक कंपनीचे परफॉर्मर मॅनिफोल्ड, दुसरा त्याच कंपनीचे परफॉर्मर आरपीएम आणि तिसरा म्हणजे आधीच्या मालकांनी खोक्यात घालून दिलेले मूळ बिडाचे मॅनिफोल्ड व त्यासोबतचा रॉचेस्टर क्वाड्राजेट कार्बोरेटर. हे मॅनिफोल्ड गंजलेले आणि काजळीने भरलेले आहे. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीच्या बिडापेक्षा आजचे कोणतेही अ‍ॅल्युमिनियम बरे, असे इथले ओळखीचे लोक सांगतात. मला शर्यतीत उतरायचे नाही. गाडी रस्त्यावर गोडीने चालावी आणि बॉनेट मूळचेच राहावे, एवढीच माझी इच्छा आहे. आपल्यापैकी कोणी हे काम स्वतः केले असेल तर कृपया सविस्तर लिहावे.

जुनी पाँटिअ‍ॅक (ओहायो)

ताई, आपण कॅम आणि अ‍ॅक्सलची माहिती आधीच दिली हे फार चांगले केले, कारण ती नसती तर कोणतेही उत्तर अंदाजपंचेच झाले असते. माझ्याकडे १९७० ची फायरबर्ड आहे, तिचेही इंजिन ४०० चेच आहे आणि गेल्या बारा वर्षांत मी तिच्यावर बिडाचे आणि परफॉर्मर अशी दोन्ही मॅनिफोल्डे वापरली आहेत.

आधी आपल्या तक्रारीचे कारण पाहू. आपल्या इंजिनाचा ज्वलनक्रम १-८-४-३-६-५-७-२ असा आहे, म्हणजे दर ९० अंशांनी एक सिलिंडर हवा ओढतो. ड्युअल प्लेन, म्हणजे दोन मजल्यांच्या मॅनिफोल्डमध्ये हा क्रम एकाआड एक वाटलेला असतो. १, ४, ६, ७ या सिलिंडरांना एक मजला आणि ८, ३, ५, २ या सिलिंडरांना दुसरा, त्यामुळे प्रत्येक मजल्यात दर १८० अंशांनी एकच ओढ येते. शेजारच्या सिलिंडराने मधेच हवा पळवायची नाही, वाट लांब आणि तुलनेने अरुंद असल्यामुळे कमी फेऱ्यांतही हवेचा वेग टिकायचा आणि कार्बोरेटरला पेट्रोल ओढून घेण्याइतकी स्पष्ट खूण (हवेच्या दाबातली घट) मिळायची, असा हा सगळा मेळ असतो. सिंगल प्लेनमध्ये आठही आखूड वाटा एकाच मोकळ्या पोकळीत उघडतात. इंजिन ५,००० च्या वर गरगरत असेल तेव्हा ही रचना उत्तम चालते, पण १,५०० फेऱ्यांना त्याच पोकळीत हवा सुस्तावते, पेट्रोलाचे थेंब तिच्यातून खाली पडतात आणि वर कार्बोरेटर मोठा असला की खूण आणखीच क्षीण होते. आपल्या गाडीचे अडखळणे नेमके इथून येत असावे.

आता आपले इंजिन कुठे काम करते ते पाहा. १९६८ च्या जीटीओतील साध्या ४०० ची घोषित शक्ती ५,००० फेऱ्यांना ३५० अश्वशक्ती होती आणि टॉर्क ३,००० फेऱ्यांनाच ४४५ पौंड-फूट मिळत असे. ३.२३ च्या अ‍ॅक्सलवर, साधारण २७ इंच व्यासाच्या टायरांनी, ताशी ६० मैलांना इंजिन सुमारे २,४०० फेरे घेते. म्हणजे आपले जवळजवळ सगळे ड्रायव्हिंग ज्या पट्ट्यात होते, तिथेच आत्ताचे मॅनिफोल्ड सर्वांत दुबळे आहे.

परफॉर्मर हे आयडलपासून (गाडी उभी असतानाच्या संथ फेऱ्यांपासून) ५,५०० फेऱ्यांपर्यंतचे ड्युअल प्लेन आहे आणि आपल्या कॅमला ते व्यवस्थित शोभेल. तरीही माझे मत खोक्यातल्या बिडाच्या बाजूने आहे. १९६७ पासून पाँटिअ‍ॅकने क्वाड्राजेटसाठी जे मॅनिफोल्ड दिले, ते कारखान्यातून निघालेल्या रस्त्यावरच्या मॅनिफोल्डांपैकी फार उत्तम आहे. इतर अनेक इंजिनांत मूळ मॅनिफोल्ड काढून बाजारातले बसवले की फरक लगेच कळतो, पण पाँटिअ‍ॅकमध्ये परफॉर्मर बसवल्यावर मला वजनातली वीस-पंचवीस पौंडांची घट सोडली तर हाती काहीच लागले नाही. साडेतीन हजार पौंडांच्या गाडीत तेवढी घट पुढच्या चाकांना जाणवतही नाही.

क्वाड्राजेटविषयीही दोन शब्द लिहितो, कारण हा कार्बोरेटर समजून न घेताच पुष्कळांनी फेकून दिला आहे. त्याची पुढची दोन छिद्रे १ ३/८ इंचांची आणि मागची २ १/४ इंचांची आहेत. सावकाश चालताना लहान छिद्रांतून हवा वेगाने जाते आणि पेट्रोल बारीक फुटते. मागच्या छिद्रांवरची हवेची झडप इंजिनाच्या मागणीप्रमाणे उघडते, त्यामुळे मिनिटाला सुमारे ७५० घनफूट क्षमता असूनही तो इंजिनाला गुदमरवत नाही. हिशेबासाठी ४०० गुणिले ५,००० भागिले ३,४५६ (एका घनफुटातले १,७२८ घनइंच गुणिले दोन, कारण सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच हवा ओढतो) केले की ५७९ घनफूट येतात, आणि तेही सिलिंडर शंभर टक्के भरतात असे धरून. यापेक्षा मोठा कार्बोरेटर लावून आपल्याला काहीही मिळणार नाही.

शर्यतीचा नाद (न्यू जर्सी)

वरील विवेचन मान्य करूनही एक वेगळी बाजू मांडतो. ताई, पुढे कधी कॅम बदलण्याचा विचार असेल, तर परफॉर्मर आरपीएमचा पर्याय आत्ताच रद्द करू नका. तेही ड्युअल प्लेनच आहे, फक्त वाटा मोठ्या आणि उंच आहेत, आणि त्याचा पट्टा १,५०० ते ६,५०० फेऱ्यांचा आहे. मी माझ्या ४५५ घनइंची इंजिनावर थोडा मोठा कॅम, सुधारलेली हेड (सिलिंडरांवरची झाकणे) आणि ३.५५ चे अ‍ॅक्सल यांच्यासोबत ते बसवले आणि ४,००० च्या पुढे इंजिन ज्या तऱ्हेने ओढू लागले, त्याचे समाधान अजून ओसरलेले नाही.

मात्र मूळ कॅमवर ते घेऊ नका, कारण १,५०० च्या खालचा जो भाग आपल्याला रोज लागतो तोच त्यात थोडा हरवतो. दुसरे म्हणजे त्याची उंची. एअर क्लीनरच्या झाकणावर चार ठिकाणी मऊ मातीचे गोळे ठेवून बॉनेट हलकेच लावावे, पुन्हा उघडून दबलेल्या मातीची जाडी मोजावी आणि नव्या मॅनिफोल्डची जास्तीची उंची त्यातून वजा करावी. इंजिन झटका घेते तेव्हा वरही उचलले जाते, म्हणून निदान अर्धा इंच शिल्लक राहिला पाहिजे. हे मोजमाप मी पैसे भरल्यावर केले आणि पातळ एअर क्लीनरसाठी वेगळा खर्च करावा लागला.

ओतकाम (कोल्हापूर)

मी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फौंड्रीत काम करतो. पाँटिअ‍ॅक मी हाताळलेली नाही, परंतु बीड आणि अ‍ॅल्युमिनियम रोज हाताखालून जातात, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो.

जुने बीड म्हणजे वाईट बीड, ही समजूत चुकीची आहे. अर्धशतक तापून थंड झालेल्या ओतीव भागातले अंतर्गत ताण केव्हाच निघून गेलेले असतात आणि तो पुढे सहसा वाकत नाही. बाहेरचा गंज पाहून निर्णय घेऊ नका, जोडाचा पृष्ठभाग तपासा. दोन्ही बाजूंच्या जोडपृष्ठांवर सरळपट्टी उभी, आडवी आणि तिरपी धरून खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) जातो का पाहावे. थोडा बाक असेल तर मशीन शॉपमध्ये अगदी हलका हात मारून घ्यावा, मात्र दोन्ही बाजूंनी सारखाच, नाहीतर पोर्ट हेडच्या पोर्टांपुढे नीट येणार नाहीत. बोल्टांच्या छिद्रांजवळ आणि पाण्याच्या वाटेजवळ तडा आहे का, हे डाय पेनेट्रंटने (तड्यात शिरणाऱ्या रंगाने) तपासता येते.

काजळी काढण्यासाठी बिडाला कॉस्टिकचे गरम पाणी चालते. अ‍ॅल्युमिनियम मात्र चुकूनही त्यात घालू नये, कारण कॉस्टिक ते खाऊन टाकते. शॉट ब्लास्टिंग (छर्ऱ्यांच्या माऱ्याने सफाई) आतल्या वाटांत करू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. एक छर्रा कोपऱ्यात अडकून राहिला आणि इंजिन सुरू झाल्यावर सुटला, तर सिलिंडर ओरबाडला जाईल. नवे अ‍ॅल्युमिनियमचे मॅनिफोल्ड घेतले तरी कोअरची (आतली पोकळी घडवणाऱ्या साच्याची) वाळू आणि कडांवरचे पातळ पापुद्रे शोधून, धुऊन मगच बसवावे.

अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. आपली हेड बिडाची आहेत, त्यामुळे अ‍ॅल्युमिनियमचे मॅनिफोल्ड प्रत्येक वेळी गॅस्केटवर किंचित सरकणार. सुरुवातीला दोन-चार वेळा गरम-थंड झाल्यावर बोल्ट पुन्हा तपासावे लागतात आणि कूलंट वेळेवर बदलावे लागते, नाहीतर पाण्याच्या वाटेची कड झिजते. हे दोष नव्हेत, पण त्या धातूची ही देखभाल घेणाऱ्याला आधी माहीत असावी.

ट्रॉयवासी (मिशिगन)

सर्वांचे मनापासून आभार. खोक्यातल्या मॅनिफोल्डवर तारखेचा संकेत सापडला आहे, ‘सी १५८’ असा. याचा अर्थ काय? आणि बसवताना पाँटिअ‍ॅकपुरती कोणती खास काळजी घ्यावी? कार्बोरेटरखालून जाणारी गरम एग्झॉस्टची वाट बंद करावी असे पुष्कळ ठिकाणी वाचले, त्याचेही मार्गदर्शन व्हावे.

जुनी पाँटिअ‍ॅक (ओहायो)

पहिले अक्षर महिन्याचे, मग तारीख आणि शेवटी वर्षाचा शेवटचा आकडा, म्हणजे १५ मार्च १९६८ चे ओतकाम. गाडी त्यानंतर थोड्याच आठवड्यांत बनली असेल तर हे तिचेच मूळ मॅनिफोल्ड असण्याची शक्यता मोठी आहे, आणि तसे असेल तर कृपा करून ते कधीच विकू नका.

बसवण्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढच्या टोकाला आहे. पाँटिअ‍ॅकमध्ये इंजिनाच्या खोबणीवर वेगळे पत्र्याचे झाकण असते, त्यामुळे मॅनिफोल्ड उचलले तरी तेलाची बाजू उघडी पडत नाही आणि काम पुष्कळ सुटसुटीत होते. परंतु पाण्याची आडवी वाट मॅनिफोल्डच्या पुढच्या टोकातून टायमिंग कव्हरला (इंजिनाच्या पुढच्या झाकणाला) मिळते आणि तिथे केवळ एक रबरी कडे व एक लांब बोल्ट असतो. नवे कडे घालून मॅनिफोल्ड ठेवावे, हेडचे सगळे बोल्ट हाताने सैलसर लावावे, मग आधी हा पुढचा बोल्ट आवळून मॅनिफोल्ड टायमिंग कव्हरकडे ओढून घ्यावे आणि त्यानंतरच हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन फेऱ्यांत, ४० पौंड-फुटांपर्यंत आवळावे. क्रम उलटा झाला तर कडे दबत नाही आणि पाणी गळते, आणि मग ती गळती थांबवण्यासाठी पुढचा बोल्ट जोरात आवळला की अ‍ॅल्युमिनियमचे टायमिंग कव्हर फुटते. माझे एकदा असेच फुटले आहे.

गरम वाटेविषयी माझा सल्ला असा की ती सरसकट बंद करू नये. आपल्या मूळ चोकची (थंड इंजिनासाठी हवा अडवणाऱ्या झडपेची) स्प्रिंग मॅनिफोल्डमधल्या खळग्यात बसते आणि त्याच उष्णतेवर उघडते. वाट बंद केली तर चोक मिटलेलाच राहील आणि इंजिन काळा धूर ओकेल, किंवा विजेचा चोक बसवावा लागेल. गॅस्केट विकत घेताना त्यात या वाटेची छिद्रे उघडी आहेत ना, हे हातात घेऊन पाहा. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल उन्हाळ्यात कार्बोरेटरमध्ये लवकर उकळते ही तक्रार खरी आहे, पण त्यासाठी क्वाड्राजेटखाली जाड उष्णतारोधक गॅस्केट घालणे पुरते. पाँटिअ‍ॅकने १९६९-७० च्या रॅम एअर ४ इंजिनात अ‍ॅल्युमिनियमचे मॅनिफोल्ड दिले, तेव्हाही ही गरम वाट काढून टाकली नाही, बिडाचा वेगळा तुकडा करून ती ठेवली.

ट्रॉयवासी (मिशिगन)

पाच आठवड्यांनी लिहिते आहे. बिडाचे मॅनिफोल्ड धुऊन तपासून घेतले. तडा नव्हता आणि डावीकडे अगदी किंचित बाक होता, म्हणून दोन्ही बाजू सारख्या घासून घेतल्या. सिंगल प्लेन काढताना मागच्या एका पोर्टजवळ गॅस्केट फाटलेले दिसले, म्हणजे तिथून इतके दिवस हवाही आत ओढली जात होती. आयडलला व्हॅक्यूम (मॅनिफोल्डमधला निर्वात, पाऱ्याच्या इंचांत) १५ इंचांवर डळमळत असे, तो आता १८ वर स्थिर आहे, पण यातला किती वाटा मॅनिफोल्डचा आणि किती गळती थांबल्याचा, हे मला वेगळे करून सांगता येणार नाही.

रविवारी पाँटिअ‍ॅक शहरापासून फर्नडेलपर्यंत वुडवर्डवरून जाऊन आले. प्रत्येक सिग्नलला गाडी जिथल्या तिथे उचलली गेली, एकदाही अडखळली नाही. क्वाड्राजेटची मागची झडप थोडी लवकर उघडते असे वाटते, तिच्या स्प्रिंगचा ताण पुढच्या आठवड्यात पाव फेऱ्याने वाढवून पाहणार आहे. पुढच्या कड्याजवळ पाण्याचा एक थेंबही दिसला नाही.