मदत हवी आहे: सिगविनमधलं फक्त आरसिंक आपल्या इन्स्टॉलरमध्ये कसं घालू?

नमस्कार मंडळी. रावेर-सावद्याच्या केळी व्यापाऱ्यांसाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर करतोय. रोजचा डेटा आरसिंकने (फक्त बदललेला भाग पाठवणारा फाइल-कॉपीचा प्रोग्राम) जळगावच्या सर्व्हरवर जायला हवा. मशिनी सगळ्या विंडोजच्या, आणि नेट आलं तर आलं!

अख्खं सिगविन (विंडोजवर लिनक्ससारखी साधनं चालवणारा संच) टाकायचं नाहीये. विंडोजचं स्वतःचं एसएसएच (सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करणारा प्रोग्राम) सिगविनच्या आरसिंकशी नीट जुळत नाही, म्हणून दोन्ही सिगविनचीच घेतली. त्यांना लागणाऱ्या डीएलएल (लायब्ररी फाइली) सिगविनच्याच सिगचेक साधनाने शोधून इनो सेटपमध्ये (इन्स्टॉलर बनवायचं साधन) भरल्या. चालतंय. पण एखाद्याकडे आधीच दुसऱ्या आवृत्तीचं सिगविन असेल तर? सिगविन१.डीएलएल (सिगविनची मुख्य लायब्ररी) आपल्याच फोल्डरात ठेवून, पाथला (विंडोज प्रोग्राम शोधते त्या फोल्डरांची यादी) हात न लावता भागेल का? की सिगविनचाच सेटप क्वाएट मोडमध्ये (काही न विचारता) लोकल पॅकेजवरून चालवू?

आरसिंक जीपीएल या मुक्त परवान्याचं आहे, तेव्हा सोर्सही (मूळ कोड) द्यावा लागेल. केळीवाले तो मागणार नाहीत म्हणा, पण नियम तो नियम. तुम्ही सोर्स इन्स्टॉलरमध्येच देता की वेगळा?