मदत हवी आहे: घरच्या कॉम्प्युटरमधली जागा संपली, बाबांच्या डबलबारीच्या कॅसेट अजून निम्म्याही उतरवून झालेल्या नाहीत

मी_परळकर

नमस्कार मंडळी,

घरच्या डेस्कटॉपमध्ये जागा वाढवायची आहे आणि कुठून सुरुवात करावी ते कळत नाहीये, म्हणून हा धागा.

आधी काम सांगतो. बाबा गिरणीत होते आणि लालबाग-परळच्या भजनी मंडळांत पेटी वाजवायचे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत मुंबईत आणि गावी मालवणकडे ज्या डबलबाऱ्या (दोन बुवांचे भजनाचे सामने) झाल्या, त्यांतल्या बऱ्याच त्यांनी टू-इन-वनवर रेकॉर्ड करून ठेवल्या आहेत. दोनशेच्या आसपास कॅसेट आहेत, बहुतेक नव्वद मिनिटांच्या. रूपाचा अभंग, गवळण, गजर, मधले बुवांचे टोमणे, सगळं आहे. बाबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. कॅसेट लावली की पखवाजाची थाप ऐकून हा कोण वाजवतोय ते सांगतात. हे सांगू शकणारं दुसरं कोणी आता आमच्या ओळखीत नाही. त्यामुळे हे काम मला लवकर संपवायचं आहे.

मशीन 2016 चं, असेंबल्ड. आय-थ्री, सहावी जनरेशन, 8 जीबी रॅम, 500 जीबीची एकच हार्ड डिस्क. सी ड्राइव्ह 100 जीबीचा, बाकी डी. विंडोज 10 आहे. टेप डेकमधून यूएसबी साउंड कार्डवर आवाज घेतो आणि ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करतो. सी सारखा लाल होतो. फाइल मी डीवरच सेव्ह करतो, तरीही. आणि डीवर आता 60 जीबीच उरले आहेत.

जवळच्या दुकानात विचारलं तर म्हणाले, एवढ्या जुन्या मशीनवर खर्च करू नका, नवीनच घ्या. तेवढे पैसे आत्ता नाहीत. शिवाय मशीन या कामाला पुरतंय.

प्रश्न असे:
हार्ड डिस्क घ्यावी की एसएसडी? किती जागेची? आत बसवावी की बाहेरून लावायची घ्यावी? आणि आत बसवायची तर घरी जमेल का?

सोल्डरगन

नवीन मशीनची गरज नाही. जमेल.

पण काहीही विकत घेण्याआधी तीन गोष्टी बघून इथे लिहा.

एक, मशीन बंद करून, पिन सॉकेटमधून काढून कॅबिनेटची बाजूची प्लेट उघडा. हार्ड डिस्कला दोन केबल जातात. चपटी बारीक असते ती डेटाची, रुंद असते ती करंटची. डेटाची केबल मदरबोर्डवर जिथे जाते तिथे तसेच आणखी किती पोर्ट मोकळे आहेत ते मोजा. एसएमपीएसमधून (करंट पुरवणारा डबा) येणाऱ्या वायरींत रुंद पिना किती मोकळ्या लोंबतायत तेही बघा.

दोन, मदरबोर्डचं मॉडेल. स्टार्टमध्ये सिस्टिम इन्फॉर्मेशन शोधा, बेसबोर्ड प्रॉडक्टपुढे लिहिलेलं असतं.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते चालवा आणि डिस्कची तब्येत काय दाखवतंय ते सांगा. जवळपास दहा वर्षं चाललेली डिस्क आहे. तिच्यावर तुमचं हे सगळं काम पडून आहे.

आवाजी

परळकर दादा, फार मोलाचं काम करताय. आमच्याकडे आजोबांच्या कीर्तनाच्या कॅसेट पावसाळ्यात बुरशी लागून गेल्या, एकही वाचली नाही.

सी का भरतोय ते सांगते. ऑडॅसिटी रेकॉर्डिंग चालू असताना आवाज फाइलमध्ये नाही, प्रोजेक्टमध्ये लिहिते. प्रोजेक्ट आधी सेव्ह केलेला नसेल तर तो तिच्या टेम्पररी फोल्डरमध्ये जातो आणि ते फोल्डर मुळात सीवर असतं. तुम्ही शेवटी एक्स्पोर्ट डीवर करता, पण तोवर सगळा भार सीवरच पडलेला असतो. त्यातही ती आपलं काम 32 बिटमध्ये ठेवते, म्हणजे स्टिरिओ, 48 किलोहर्ट्झला तासाला जवळजवळ 1.4 जीबी. वर नॉइज रिडक्शन वगैरे केलंत की अन्डूसाठी जुनी प्रतही ठेवते, म्हणजे तेवढीच जागा पुन्हा.

तेव्हा नवीन कॅसेट लावण्याआधी रिकामा प्रोजेक्टच डीवर सेव्ह करा आणि मग रेकॉर्डचं बटण दाबा. प्रेफरन्सेसमध्ये डिरेक्टरीज म्हणून आहे, तिथे टेम्पररी फोल्डरही बदलता येतं.

आता जागेचा हिशेब. कॅसेटसाठी 24 बिट, 48 किलोहर्ट्झ पुरे. कोणी 96 सांगेल, ऐकू नका. टू-इन-वनच्या माइकने जे पकडलंच नाही ते 96 ने येणार नाही, जागा मात्र दुप्पट जाईल. 24 बिट, 48 ला वेव्ह फाइल तासाला साधारण 1 जीबी होते. नव्वद मिनिटांची कॅसेट म्हणजे दीड जीबी. दोनशे कॅसेट म्हणजे 300 जीबी. हेच फ्लॅकमध्ये (फाइल दाबून लहान करणारा फॉरमॅट) ठेवलंत तर आणखी बरंच कमी. फ्लॅकमध्ये आवाजाचा एक कणही जात नाही, पुन्हा वेव्ह केलं तर जशीच्या तशी मिळते. एमपीथ्री घरच्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला करा, मूळ प्रत म्हणून ठेवू नका.

ठाणेकरीण

एवढं सगळं करण्यापेक्षा क्लाउडवर टाकलं तर? डिस्कची कटकटच नको.

सोल्डरगन

ठाणेकरीण ताई, एक प्रत तिथे असायला हरकत नाही. पण गूगलवर फुकटात 15 जीबी मिळतात, म्हणजे वेव्हच्या दहा कॅसेट. पुढे दर महिन्याला पैसे, आणि ते भरायचं थांबलं की वर काहीच चढवता येत नाही. मूळ प्रत घरात, स्वतःच्या डिस्कवर असावी असं माझं ठाम मत आहे.

मी_परळकर

सगळ्यांचे आभार. आवाजी ताई, सीचं कोडं सुटलं. तुम्ही सांगितलंत तसा प्रोजेक्ट आधी डीवर सेव्ह करून एक बाजू रेकॉर्ड केली, सी जागचा हलला नाही.

कॅबिनेट उघडलं. बोर्ड एच 110 चिपसेटचा आहे. साटाचे, म्हणजे त्या डेटा केबलचे, चार पोर्ट, त्यांतला एक हार्ड डिस्कला, एक डीव्हीडी रायटरला. दोन मोकळे. रुंद पिना दोन मोकळ्या आहेत, एकाच वायरवर.

पण क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये निळ्याऐवजी पिवळं आलं. कॉशन लिहिलंय. खाली सी 5, करंट पेंडिंग सेक्टर काउंट, त्या ओळीपुढे पिवळा ठिपका आहे. मशीन चालतंय मात्र व्यवस्थित. काळजीचं आहे का?

सोल्डरगन

आहे. आज रेकॉर्डिंग बंद ठेवा.

सी 5 चा अर्थ असा की डिस्कवरचे काही सेक्टर वाचताना तिला अडचण आली आणि ते तिने निर्णयासाठी बाजूला ठेवले आहेत. अशी डिस्क वर्षभर चालू शकते आणि उद्या सकाळी बंदही पडू शकते. मशीन व्यवस्थित वाटतंय, कारण त्या सेक्टरवरच्या फाइल तुम्ही उघडल्या नसाल.

म्हणून क्रम बदला. जागा वाढवणं नंतर. आधी एक बाहेरून लावायची हार्ड डिस्क आणा, 2 टीबीची, यूएसबी 3 वाली. मागच्या निळ्या पोर्टला लावा आणि बाबांची रेकॉर्डिंग सगळ्यात आधी कॉपी करा, मग फोटो, मग बाकीचं. सगळं एकदम सिलेक्ट करू नका, फोल्डर फोल्डर करून घ्या. एखाद्या फाइलवर अडकलं तर ती सोडून पुढे जा, शेवटी तिच्याकडे या.

कॉपी पूर्ण होईपर्यंत चेकडिस्क चालवू नका, डिफ्रॅग करू नका, काही इन्स्टॉल करू नका. दुरुस्तीच्या नावाखाली ही कामं आजारी डिस्कला तासन् तास पळवतात आणि ती त्यातच जाते.

मग आतली खरेदी:

विंडोजसाठी 500 जीबीची साटा एसएसडी, अडीच इंची. एम.2 च्या (थेट मदरबोर्डवर बसणारी एसएसडी) फंदात पडू नका. एच 110 च्या पुष्कळ बोर्डांवर तो स्लॉटच नसतो. साटा एसएसडी सेकंदाला 500 एमबीच्या आसपास देते, जुन्या हार्ड डिस्कच्या तिप्पट तरी, आणि मशीन उघडायला लागणारा वेळ कुठल्या कुठे जाईल.

रेकॉर्डिंगसाठी 2 टीबीची साडेतीन इंची हार्ड डिस्क. तुमच्या रेकॉर्डिंगला सेकंदाला अर्धा एमबीसुद्धा लागत नाही, त्यामुळे इथे एसएसडीवर पैसे घालवायचं कारण नाही. शिवाय एसएसडी वर्षानुवर्षं करंटशिवाय कपाटात पडून राहिली तर तिच्यातला डेटा विरू शकतो. साठवणीला हार्ड डिस्कच बरी.

बाहेरची डिस्क ही दुसरी प्रत. ती सतत जोडून ठेवू नका. दर आठवड्याला जोडायची, नवीन कॅसेट कॉपी करायच्या, काढून ठेवायची. जमल्यास आणखी एक प्रत दुसऱ्या घरी, बहिणीकडे, मामाकडे, कुठेही. चोरी, आग, घरात पाणी, या गोष्टी एका घरातल्या सगळ्या प्रतींना एकदम गाठतात. 26 जुलै 2005 ला आमच्या तळमजल्याच्या बिऱ्हाडात कमरेएवढं पाणी होतं, तेव्हापासून मी हे सगळ्यांना सांगतो.

आवाजी

सोल्डरगन यांच्या शेवटच्या मुद्द्याला माझा दुजोरा. आणि उतरवून झालेल्या कॅसेट टाकू नका. तीच तुमची पहिली प्रत आहे. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरी पूड दिसली तर ती कॅसेट डेकमध्ये घालूच नका. बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटवर जाते. अशा वेगळ्या काढून ठेवा, त्यांची सफाई हे वेगळं काम आहे.

मी_परळकर

कॉपी लावली आहे. बाहेरची डिस्क संध्याकाळीच आणली.

आतल्या दोन्ही डिस्क घ्यायला लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाईन म्हणतोय. तिथे काय बघून घ्यायचं? फसवणूक होते असं ऐकतो.

सोल्डरगन

ग्रँट रोडला उतरून पूर्वेला बाहेर पडा, चालत जाता येतं. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. दोन-चार ठिकाणी भाव विचारा, डिस्कचे भाव सतत हलत असतात.

जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. बिलाशिवाय शे-दोनशे कमी करतो म्हणाले तर नको म्हणा. सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला की वॉरंटी किती उरली ते दिसतं, पैसे देण्याआधी मोबाइलवर तिथेच बघा.

हार्ड डिस्क मागितली की पुष्कळदा सीसीटीव्हीसाठीची डिस्क पुढे करतात, कारण तिचाच खप जास्त. वाईट नसते, पण ती कॅमेऱ्याचं चित्रण अखंड लिहीत राहण्यासाठी बनवलेली असते. तुम्ही साधी डेस्कटॉपची मागा.

घरी आल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पॉवर ऑन अवर्स बघा. नवीन डिस्कवर शून्य किंवा दोन-चार तास असायला हवेत. हजारात आकडा दिसला तर कुठून तरी काढलेली डिस्क आहे, दुसऱ्या दिवशी परत न्या.

साटा केबल दोन वेगळ्या मागून घ्या, सुट्या डिस्कबरोबर येत नाहीत. करंटसाठी तुमच्या दोन पिना मोकळ्या आहेत, तेवढ्या पुरतील. कोणी जुन्या चार पिनांच्या वायरीचा स्वस्त कन्व्हर्टर दिला तर घेऊ नका. ओतीव प्लॅस्टिकचे ते कन्व्हर्टर आत शॉर्ट होऊन जळाल्याची उदाहरणं आहेत.

बसवताना: पिन काढा, मग पॉवरचं बटण एकदा दाबून धरा म्हणजे उरलासुरला करंट जाईल. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मग डिस्क हातात घ्या. दोन्ही केबलींची पिन आतून एल आकाराची असते, एकाच बाजूने बसते. जोर लावावा लागला तर उलटी धरली आहे असं समजा.

विंडोज एसएसडीवर नव्याने टाका, आजारी डिस्कवरून क्लोन (जशीच्या तशी नक्कल) करू नका. टाकताना फक्त एसएसडी जोडलेली ठेवा, म्हणजे बूटच्या फाइल दुसऱ्या डिस्कवर जाणार नाहीत. मग मोठी डिस्क जोडून डिस्क मॅनेजमेंट उघडा, ती इनिशियलाइझ करायला सांगेल. जीपीटी निवडा. जुन्या एमबीआर पद्धतीची धाव 2 टीबीच्या आसपास संपते, पुढे मोठी डिस्क घेतलीत तर तीच सवय कामाला येईल. मग न्यू सिंपल व्हॉल्यूम, एनटीएफएस. विंडोजमध्ये 1.81 टीबी दिसेल. ती फसवणूक नाही, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज 1024 च्या.

आणखी एक. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि सहाव्या जनरेशनचा प्रोसेसर विंडोज 11 च्या अधिकृत यादीत नाही. या मशीनवर फक्त कॅसेटचं काम ठेवा, बँक वगैरे मोबाइलवर करा. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम टाकायची तयारी असेल तर ऑडॅसिटी त्यावरही चालते.

मी_परळकर

झालं सगळं. एसएसडी आणि हार्ड डिस्क दोन्ही बसल्या, पॉवर ऑन अवर्स शून्य होते. बोर्डाच्या एका पोर्टला ग्राफिक कार्डची कड आडवी येत होती, म्हणून डीव्हीडी रायटरची केबल काढून तो पोर्ट वापरला. रायटर तसाही कोणी वापरत नव्हतं.

जुन्या डिस्कवरून फोटो सगळे आले. रेकॉर्डिंगमधल्या दोन फाइल येत नाहीत, अर्ध्यावर अडकतात. त्या दोन्ही कॅसेट डब्यात आहेत, पुन्हा उतरवेन. जुनी डिस्क फॉरमॅट करून आणखी एक प्रत ठेवायला वापरू का? जागा आहे म्हणून विचारतो.

सोल्डरगन

नाही. त्या दोन कॅसेट नीट उतरेपर्यंत ती डिस्क जशी आहे तशी बाजूला ठेवा, वर चिठ्ठी चिकटवून: खराब, वापरू नये. नंतरही प्रत ठेवायला ती नको. तिसऱ्या प्रतीसाठी पुढच्या महिन्यात जमेल तेव्हा आणखी एक बाहेरची डिस्क घ्या आणि ती परळमध्ये ठेवू नका.

आवाजी

आणि फाइलच्या नावात वर्ष, ठिकाण, दोन्ही बुवांची नावं, कॅसेटची बाजू हे आत्ताच घाला. पखवाजावर कोण, चकवा वाजवणारा कोण, हे बाबांना विचारून शेजारी एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहीत चला. ते सांगत असताना मोबाइलवर त्यांचा आवाज रेकॉर्ड केलात तर आणखी चांगलं. ती फाइलही त्याच फोल्डरमध्ये ठेवा.