पाणाड्याने दाखवलेल्या जागी तिसरी बोर मारावी का? वडिलांना कसं समजावू

डाळिंब_सांगोला:
नमस्कार मंडळी, आमची सांगोल्याच्या बाजूला साडेतीन एकर डाळिंबाची बाग आहे. दोन वर्षांत दोन बोर मारल्या, दोन्ही जागा पाणाड्याने दाखवलेल्या. पहिली ४२० फूट गेली, दीड इंच पाणी लागलं ते मार्चमध्येच आटलं, आणि दुसरी ५०० फुटांपर्यंत नुसता फुफाटा, थेंब नाही. दोन्हीचे मिळून दोन लाखांच्या वर गेले. आता आण्णा म्हणजे आमचे वडील तिसऱ्या पाणाड्याला घेऊन आले, हा हातावर नारळ ठेवून चालतो आणि नारळ उभा राहिला की तिथे पाणी म्हणतो. माझ्या डोळ्यादेखत उभा राहिला, खोटं कशाला बोलू. मी पुण्यात नोकरीला असतो त्यामुळे मी काही बोललो की आण्णा म्हणतात तू चार बुकं शिकलास म्हणून आम्हाला शिकवू नको, मागच्या वेळी गाडीवाल्याने गाडी पाच फूट सरकवली म्हणून बोर कोरडी गेली. मला भांडण नकोय, फक्त पुन्हा लाखभर रुपये मातीत जायला नकोत. नारळ खरंच का उभा राहतो आणि आण्णांना पटेल असं काय सांगू?

काळा_पाषाण:
दादा, मी भूगर्भशास्त्र शिकलोय आणि भूजलाच्या कामात बारा वर्षं आहे. आधी नारळाचं बोलू. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ अगदी नाजूक तोलावर असतो, मनगट जरासं कललं की तो उठतो. काही पाणाडे दोन हातात ताणून धरतात त्या लिंबाच्या बेचकीच्या काडीचं तेच, ती स्प्रिंगसारखी ताणलेली असते, मूठ किंचित वळली की फटकन खाली येते. ही हालचाल माणूस जाणूनबुजून करत नाही, मनात अपेक्षा असली की स्नायू आपसूक तेवढे हलतात आणि त्याला स्वतःलाच वाटतं की बाहेरून कोणीतरी ओढलं. १८५२ साली कार्पेंटर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने याचं वर्णन करून ठेवलंय, आणि पुढच्याच वर्षी फॅरेडेने आत्म्यांमुळे टेबल हलतं म्हणणाऱ्या लोकांच्या हाताखाली पुठ्ठ्यांचे सरकणारे थर ठेवून दाखवलं की हात आधी सरकतो, टेबल नंतर. म्हणून पाणाड्याला लबाड म्हणू नका, बहुतेक जण मनापासून प्रामाणिक असतात. आण्णांसमोर त्याला चोर म्हणालात तर विषय तिथेच संपेल.

आता पाणी. महाराष्ट्राचा सुमारे ८१ टक्के भाग बेसाल्टचा आहे, लाव्ह्याचे थर एकावर एक. यात जमिनीखाली नद्या वाहत नाहीत. पाणी असतं ते वरच्या मुरमात, मांजऱ्या दगडात, दोन थरांच्या मधल्या सांध्यात आणि भेगांमध्ये. खाली अखंड काळा पाषाण लागला की ५०० काय ८०० फूट गेलात तरी भेग भेटली तरच पाणी. पण गंमत अशी की वरच्या थरात थोडंफार पाणी बऱ्याच ठिकाणी असतंच, त्यामुळे डोळे मिटून बोट ठेवलं तरी काही बोरना इंच-दीड इंच लागतं. तुमची पहिली बोर तशीच असणार. खरा प्रश्न हा आहे की पाणाड्याने दाखवलेल्या जागी इतर जागांपेक्षा जास्त वेळा पाणी लागतं का, आणि तो कोणी विचारतच नाही.

माणदेशी_७१:
मी शेतकरी आहे, वय ५४. सगळंच थोतांड म्हणू नका. आमच्या पाणाड्याने आमच्या वस्तीवर चार जागा दाखवल्या, तीन ठिकाणी पाणी आहे, आजही मोटर चालते. त्याच्याकडे काहीतरी आहे म्हणून तर लागतं ना? सरकारी लोकांनी दाखवलेल्या बोर पण कोरड्या गेलेल्या मी बघितल्यात.

काळा_पाषाण:
काका, तुमचं म्हणणं खरं आहे, त्याच्याकडे काहीतरी असतं. पण ते त्याच्या डोळ्यात असतं, काडीत नाही. चाळीस वर्षं गावोगाव फिरलेल्या माणसाला सखल जागा कुठली, ओढ्याचं जुनं वळण कुठलं, कुणाच्या विहिरीला मे महिन्यात पाणी असतं, उंबर कुठे हिरवागार आहे हे सगळं दिसतं. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत दकार्गल नावाचा अख्खा अध्याय लिहिलाय, त्यात झाडं, वारुळं, माती यावरून पाण्याचा अंदाज कसा घ्यायचा ते आहे. सगळं बरोबर असेल असं नाही, पण ते निरीक्षण आहे आणि तपासता येतं. मग पाणाड्याचे डोळे बांधले तर काय उरतं ते बघायला हवं.

आणि सरकारी बोर कोरडी जाते हेही मान्य. आम्ही जमिनीत चार खुंट्या ठोकून वीज सोडतो आणि खालचा थर विजेला किती अडवतो ते मोजतो, ओला मुरूम किंवा भेगाळलेला दगड कमी अडवतो. पण लाल गेरूचा थर पण कमीच अडवतो आणि तिथे आम्ही फसतो. फरक इतकाच की कुठे फसतो ते आम्हाला कळतं, ते नोंदवलेलं असतं आणि पुढच्या वेळी त्याचा विचार होतो. गाडी पाच फूट सरकली, बाईमाणूस आडवं गेलं, पाणी फिरलं, अशा कारणांनी कधीच काही शिकता येत नाही कारण त्यात पाणाडी कधी चुकतच नाही.

प्रश्नचिन्ह_नाशिक:
डोळे बांधायचा विषय निघालाच आहे तर सांगते, हे करून झालेलं आहे आणि एकदा नाही. १९९० साली जर्मनीत कासल गावी तिथल्या संशयवादी संघटनेने तीन दिवस परीक्षा घेतली, जवळपास ३० पाणाडे आले होते. सपाट मैदानात अर्धा मीटर खोल प्लॅस्टिकचे पाइप पुरलेले, पाइप कुठे आहे ते वर पट्टीने दाखवलेलं, पाणाड्यांनी फक्त एवढंच सांगायचं की आत्ता यातून पाणी वाहतंय की बंद आहे. सगळ्यांनी आधी सही करून दिली होती की परीक्षा योग्य आहे आणि आम्हाला शंभर टक्के जमेल. निकाल नाणं उडवल्यासारखा. मला यातली सही फार महत्त्वाची वाटते, अटी आधी ठरल्या की नंतर सबबींना जागा राहत नाही.

त्याआधी १९८७-८८ मध्ये म्युनिकला ५०० जणांमधून निवडलेले ४३ पाणाडे घेतले होते, खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप गाडीवर सरकवायचे आणि वरच्या मजल्यावर पाणाड्याने जागा सांगायची, अशा ८४३ चाचण्या. करणाऱ्यांनीच म्हटलं की ३७ जणांना जमलं नाही पण सहा जण विलक्षण निघाले. मग १९९९ साली एनराइट नावाच्या शास्त्रज्ञाने तेच आकडे पुन्हा तपासले तर सगळ्यात भारी पाणाडी, मधोमध बोट ठेवणाऱ्या माणसापेक्षा दहा मीटरमध्ये सरासरी चार मिलिमीटरने बरा निघाला. चार मिलिमीटर, बोरचा पाइपसुद्धा त्याहून कितीतरी रुंद असतो.

आपल्याकडे पुण्यात २००८ मध्ये नारळीकर सर आणि दाभोलकर यांच्यासोबत काही जणांनी ज्योतिषाची अशीच परीक्षा घेतली होती, हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या मिळून २०० पत्रिका, प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४०, फक्त कुठली कुणाची ते ओळखायचं. २७ जणांनी उत्तरं पाठवली, बरोबर आली ४६ टक्के. पद्धत तीच, आधी ठरवा, झाका, मग मोजा.

आणि ज्यांना वाटतं की काडीने कुणाचं काय बिघडतं त्यांच्यासाठी: एका ब्रिटिश माणसाने मुठीला अँटेना लावलेलं असंच एक यंत्र बॉम्ब शोधायचं म्हणून इराकला विकलं, आत काहीच नव्हतं, अँटेना हातानेच वळायची. बगदादच्या नाक्यांवर ते वापरलं जात होतं. २०१३ मध्ये त्याला १० वर्षांची शिक्षा झाली. त्या नाक्यांवरून बॉम्ब घेऊन गाड्या पुढे गेल्या आणि माणसं मेली, मला हे आठवलं की अजून राग येतो.

माणदेशी_७१:
ताई, म्युनिकचं मला माहीत नाही पण आमच्याकडे पाइपातलं पाणी वेगळं आणि जमिनीतला झरा वेगळा असं म्हणतात. ते कसं तपासणार?

प्रश्नचिन्ह_नाशिक:
काका, खूप चांगला प्रश्न विचारलात. मग पाइप नकोच, तुमचंच शेत घ्या. पाणाड्याला एकदा शेतात फिरू द्या, जिथे जिथे नारळ उभा राहील तिथे खुंटी न ठोकता दोरीने बांधापासूनचं अंतर मोजून वहीत लिहा. मग डोळ्यावर पंचा बांधा, दोन-तीन गोल फिरवा, हात न धरता फक्त आवाजाने दिशा देत पुन्हा चालवा. झरा तिथेच आहे, मग नारळ पण तिथेच उभा राहायला हवा. किंवा दोन पाणाडे वेगवेगळ्या दिवशी बोलवा, एकाला दुसऱ्याचं सांगू नका. एक रुपयाचा खर्च नाही आणि बोर मारायची पण गरज नाही.

डाळिंब_सांगोला:
उशीर झाला त्याबद्दल माफी, गावी गेलो होतो. पाणाड्याला परत बोलवायला आण्णा तयार नव्हते, पाहुण्या माणसाची परीक्षा कशी घ्यायची म्हणाले आणि ते मलाही पटलं. मग मी म्हटलं आण्णा तुम्हीच नारळ धरा, तुमच्या हातावर पण उभा राहतो ना. उघड्या डोळ्यांनी तीन जागा आल्या, त्यातली एक बरोबर पाणाड्याने दाखवलेलीच. मग आईने पंचा बांधला. चार जागा आल्या, पहिल्या तिन्हीतली एकही नाही, जवळातली जवळ सुद्धा अठरा पावलं लांब. आण्णांनी पंचा सोडला आणि बराच वेळ बांधावर बसून राहिले, मी काहीच बोललो नाही. संध्याकाळी त्यांनीच विचारलं की ते खुंट्या ठोकणारे लोक कुठे भेटतात.

काळा_पाषाण:
भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं जिल्ह्याचं ऑफिस असतं तिथे अर्ज द्या, १९७२ पासून ही यंत्रणा आहे. त्यांच्या निरीक्षण विहिरी आहेत, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये त्यातलं पाणी मोजतात, तुमच्या भागातली विहीर कुठली आणि तिची पातळी काय ते विचारा. आणि तोपर्यंत आजूबाजूच्या सगळ्या विहिरी-बोरची यादी करा, किती फुटांवर पाणी लागलं, कुठला दगड लागला, कधी आटतं. कोरड्या गेलेल्या पण लिहा, त्या लोक सांगत नाहीत म्हणून मुद्दाम विचारा. एवढं करूनही सगळं वाईट दिसलं तर तिसरी बोर नकोच, असलेल्या पहिल्या बोरचं पुनर्भरण करा, पावसाचं पाणी गाळून तिच्यात सोडा.

डाळिंब_सांगोला:
यादीचं आण्णांना सांगितलं. उद्या सकाळी वरच्या वस्तीवरच्या विहिरीत दोरी सोडून पाणी मोजायला जाणारेत, मला येताना रेघांची वही आणायला सांगितलीय.