टोलमाफीनंतर रस्त्यांच्या डागडुजीचा खर्च कोणी उचलायचा?

हिशेबनीस
‘गाडी घेताना कर भरला, पेट्रोल भरताना कर भरला, तेव्हा रस्ते नीट ठेवणे सरकारचे काम आहे आणि उरलेसुरले टोलनाकेही उठले पाहिजेत’ असा मजकूर सध्या सर्वत्र फिरत आहे आणि शहाणीसुरती माणसे तो पुढे पाठवत आहेत. नाका उठला म्हणजे खर्चही उठला, हा त्यातील समज मला असह्य होतो. जून २०१५ पासून राज्याने १२ नाके बंद केले आणि ५३ नाक्यांवर मोटारींना व एसटीला सूट दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलकी वाहने टोलमुक्त झाली. करार मोडता येत नाहीत, म्हणून ठेकेदारांची भरपाई तिजोरीतून करावी लागते, आणि त्या तिजोरीत दारात सायकलही नसलेल्या शेतमजुराने साबणाच्या वडीवर भरलेला करही असतो.

माझे म्हणणे असे, की वाहन कर आणि इंधनावरील मूल्यवर्धित कर यांचा ठरावीक हिस्सा कायद्यानेच स्वतंत्र देखभाल निधीत जावा, त्यातला एक रुपयाही नव्या रस्त्याच्या भूमिपूजनाकडे वळवता येऊ नये, आणि या निधीत प्रत्येकाने वाहनाच्या वजनाप्रमाणे भर घालावी. आज दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीवर किमतीच्या ११ टक्के कर एकदाच घेतला जातो; मग ती अंगणात झाकून ठेवा नाहीतर रोज पुणे-नाशिक करा. असा कर ऐपत मोजतो, रस्त्याची झीज मोजत नाही.

दहाचाकी
वजनाप्रमाणे म्हणजे पुन्हा आमच्याच मानगुटीवर. मोटारीला मते असतात म्हणून तिला सूट मिळाली, मालट्रक मात्र त्याच नाक्यावर रांगेत उभा राहून पैसे मोजतो. गेल्या पावसाळ्यात टोल भरलेल्या रस्त्यावरच्याच खड्ड्यात माझ्या गाडीचे कमानपाटे तुटले. पावती घेऊन नाक्यावर गेलो तर तिथल्या माणसाला तक्रारवही सापडेना.

आणि स्वतंत्र निधीचे कौतुक आम्हाला सांगू नका. पगारातून दरमहा कापला जाणारा व्यवसाय कर १९७५ मध्ये रोजगार हमीसाठी सुरू झाला, हे आज किती पगारदारांना ठाऊक आहे? २०१५ मध्ये दुष्काळाच्या नावाने इंधनावर लिटरमागे दोन रुपयांचा अधिभार बसला, तो पुढच्या पावसाबरोबर वाहून गेला नाही. सरकारच्या हाती दिलेला प्रत्येक ‘राखीव’ पैसा काही वर्षांत बिनराखीव होतो.

निवृत्त उपअभियंता
दहाचाकी यांचा राग रास्त असला, तरी आसावरचा, म्हणजे चाके जोडणाऱ्या दांड्यावरचा, भार दुप्पट झाला की रस्त्याची हानी सुमारे सोळापट होते, या नियमाला कोणाच्या रागाची पर्वा नाही. २०१८ मध्ये केंद्राने चार टायरांच्या एकेरी आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. त्याच हिशेबाने पूर्ण भरलेल्या आसाची हानी दीडपटीहून अधिक झाली, आणि जुने रस्ते होते तेवढ्याच जाडीचे राहिले.

परंतु माझ्या मते प्रश्न पैसा किती याहून तो केव्हा येतो याचा अधिक आहे. पूर्वी रस्त्याच्या देखभालीला नेमलेले मजूर, म्हणजे मैलकुली, पावसाळ्यापूर्वी साईडपट्टी तासून बाजूचे चर मोकळे करीत, त्यामुळे पाणी रस्त्यावर साचत नसे आणि डांबर टिकत असे. ती पदे भरणे हळूहळू बंद झाले. आता देखभालीचा निधी मार्चअखेरीस उतरतो, त्यातून ठेकेदारांची जुनी बिले भागतात आणि जुलैत खड्ड्यांत मुरूम पडतो.

वजन मोजायचेच असेल, तर यंत्रणा उभारण्याचीही गरज नाही. ऊस हंगामात प्रत्येक वाहन कारखान्याच्या काट्यावर चढते. कोणत्या ट्रॅक्टरने दोन ट्रॉल्यांत मिळून किती टन आणले, याची नोंद तिथे असते. हंगाम संपल्यावर आमच्या उपविभागातील जिल्हा मार्गांची जी अवस्था होई, तिचे बिल कोणी कधी कारखान्याला पाठवले नाही.

ऊसकरी
शेवटी गाडी उसावर आलीच. साहेब, तोडणी-वाहतुकीचा खर्च आमच्या बिलातून कापला जातो, एवढे तरी आपल्या उपविभागात राहून आपल्याला कळले असेल. ट्रॉलीवर आकार बसवलात तर तो कारखाना भरणार नाही, वाहतूकदारही भरणार नाही; तो एफआरपीतून, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या उसाच्या किमान दरातून, वजा होऊन माझ्याच खात्यात उणा दिसेल.

शिवाय ज्या काट्याचा आपण पुरावा म्हणून उल्लेख करता, त्याच्यावर विश्वास ठेवायला आमच्याकडे कोणी तयार नाही. आमच्या गावातील काहींनी बाहेरच्या काट्यावर वजन करून खेपा नेल्या, तेव्हा कारखान्याने त्या उतरवून घेण्यासच नकार दिला. वजन कमी दाखवणाऱ्या काटामारीने टनामागे आमचे किती किलो जातात याची चौकशी करायला सरकारला सवड नाही, आणि त्याच आकड्यावर रस्त्याचा कर लावायला मात्र तुम्ही सारे तत्पर आहात.

हिशेबनीस
काटामारी हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्यामुळे ट्रॉलीतला ऊस हलका होत नाही. सहकाराच्या नावाने सर्व सवलती घ्यायच्या आणि गावचा रस्ता उखडला की जिल्हा परिषदेकडे बोट दाखवायचे, ही सवय जुनी आहे.

ऊसकरी
आपण साखर खाता की नाही? शहरात बसून शेतमजुराच्या साबणाच्या वडीचे अश्रू ढाळणाऱ्या माणसाला उसाचे बिल किती महिन्यांनी मिळते हे विचारावेसे वाटते. ज्या रस्त्याने माझा ऊस जातो, त्याच रस्त्याने वाळूचे डंपर रात्रभर जातात, आणि त्यांच्यासाठी कोणताही काटा नाही.

दुचाकीस्वार
उसातून बाहेर या. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. रस्त्याची सर्वांत कमी झीज करणारे आम्ही, आणि खड्ड्यात पडून हाडे मोडून घेणारेही आम्हीच. माझ्या मेहुण्याच्या खांद्यात अजून पट्टी आहे. निधी कोणाच्या खिशातून येतो याचा वाद सुखाने घाला, पण त्यातून पहिला हक्क भरपाईचा ठेवा.

दहाचाकी
विजेवरच्या गाड्यांचे काय, हेही हिशेबनिसांनी सांगावे. त्या इंधनावरचा कर भरत नाहीत. २०२५ च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या विजेरी गाड्यांवर सहा टक्के कर जाहीर झाला आणि त्याच महिन्यात मागे घेतला गेला. अशा राज्यात तुमचा वजनाचा सिद्धांत आधी डिझेलवाल्यांवर उतरेल आणि बहुधा तिथेच थांबेल.

हिशेबनीस
विजेरी गाड्यांचा मुद्दा मान्य करावाच लागेल. इंधनाच्या करावर बेतलेला निधी दरवर्षी आटत जाईल. तेव्हा किलोमीटर आणि वजन हेच मोजावे लागेल, याला आपणही पुष्टीच देत आहात.

निवृत्त उपअभियंता
ऊसकरी यांना माझी एक सूचना आहे. काट्यावरचा एकच आकडा उसाच्या बिलालाही लागू करावा आणि रस्त्याच्या आकारालाही, तो त्याच क्षणी सरकारकडे नोंदवावा, आणि आकार कारखान्याकडूनच घ्यावा. मग वजन कमी दाखवले तर राज्याचाही महसूल बुडेल आणि काटा तपासायला निरीक्षक आपल्या पायांनी येईल.

ऊसकरी
म्हणजे शेतकऱ्याचे नुकसान दिसायला आधी सरकारचे नुकसान व्हावे लागते. आपल्या खात्याचा अनुभव दांडगा दिसतो. तरीही, हा आकार तोडणी-वाहतुकीच्या खर्चात धरता येणार नाही असे कायद्यात लिहून मिळणार असेल, तर माझा विरोध मागे घेतो. वाळूच्या डंपरांना तोच नियम त्याच दिवसापासून लागू झाला पाहिजे, ही अट मात्र कायम आहे.